नेव्हच्या हाताला बसेल असा माउस

रविवार, ७ एप्रिल

आज लॉकी तीनदा मेला आणि तिन्ही वेळा चूक नेव्हची होती.

खेळात मेला, अर्थात. तो तिकडे ऑस्ट्रेलियात, पर्थच्याही वर कुठेतरी लोखंडाच्या खाणीत, आणि हा समुद्राच्या अलीकडे, इथे लम्सडेन गावात आमच्या बैठकीच्या खोलीत. बापलेक मिळून एका पडक्या बंदराचं रक्षण करतात. लॉकी खाली गल्ल्यांतून पळतो आणि नेव्ह छपरावर बसून त्याच्या मागे येणाऱ्यांना टिपतो. आज तीनदा नेव्हचं बोट वेळेवर दाबलं गेलं नाही. "माउस भिकार आहे," म्हणाला आणि तो टेबलावर आपटला. हेडफोनमधून लॉकीचा आवाज मलाही ऐकू आला. "असू दे रे बाबा, मीच वेंधळ्यासारखा पुढे गेलो."

इतकं गोड हा मुलगा बापाशी फोनवर कधी बोलला नाही. फोनवर दोघांचं बोलणं म्हणजे, पाऊस आहे का, आहे, बरं, आईला देतो. एकोणिसाव्या वर्षी लॉकी ऐन हंगामात मेंढ्या कातरायची शेड सोडून गेला. त्यानंतर सहा वर्षं त्या दोघांमध्ये मीच पोस्टमन होते. दोन नाताळांपूर्वी त्याने हा संगणक पाठवला, खेळ आत घालूनच. तेव्हापासून दर रविवारी सात ते नऊ माझा नवरा माझ्या मुलाशी बोलतो. बरोब्बर दोन तास, कारण शेडमधली पाळी दोन तासांची असते आणि नेव्हच्या अंगातून ती गेलेली नाही. मी तिथेच स्वेटर विणत बसते आणि कान त्यांच्याकडे ठेवते.

माउसपायी हे बंद पडायला नको. उद्यापासून चांगला शोधते.

मंगळवार, ९ एप्रिल

दोन दिवस इंटरनेटवर माउस घेतलेल्या लोकांची मतं वाचतेय. डोळे चुरचुरायला लागले. जगात माउसबद्दल इतकं बोलण्यासारखं असेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी माझीच पद्धत लावली. बत्तीस वर्षं मी शेडमध्ये लोकरीच्या टेबलाशी उभी होते. अख्खी लोकर टेबलावर पसरायची, फिरत फिरत दोन्ही हातांनी कडा ओढून काढायच्या. कडेला घाम, काटे, चिकटलेल्या लेंड्या, सगळी घाण. मधलं उरेल त्याची प्रत ठरवायची. मतांचंही तेच केलं. पाच तारे देणारे काढून टाकले, ते खोकं उघडतानाच प्रेमात पडलेले असतात. एक तारा देणारेही काढले. कुणाचं पार्सल उशिरा आलं, कुणाच्या कुत्र्याने ते चघळलं. टिमारूच्या कुणा बी. के.ने तर माउसबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाही. "हात दुखत असेल तर खुशाल घ्या. दुखत नसेल आणि तरी दाबलं जात नसेल, तर माउस घेऊ नका, डॉक्टरकडे जा. मी आठ महिने घालवले." या माणसाला कुणीतरी सांगा की इथे मालाबद्दल लिहायचं असतं. काढला.

तीन तारेवाल्यांत शहाणी माणसं निघाली. त्यांच्या मते जड माउस हातात ठरतो, तळव्याला आधार देतो. नेव्हलाही जडच आवडणार. कातरायचं यंत्रसुद्धा तो नेहमी जडच निवडायचा.

शुक्रवार, १९ एप्रिल

माउस आला. नेव्हने डोळे मिटून त्याचं वजन घेतलं, नवं यंत्र हातात घेतल्यावर घ्यायचा तसं. "हं," म्हणाला. त्याचं 'हं' म्हणजे दुसऱ्याचं भाषण.

सदऱ्याची बटणं आज मीच लावून दिली. म्हणाला, थंडीने बोटं आखडली आहेत. थंडी आहेच म्हणा, आमच्याकडे एप्रिलपासून हिवाळ्याची चाहूल, सकाळी टाकीवर बर्फाची पापडी होती.

रविवार, २१ एप्रिल

जड माउस हातातून तीनदा घसरला. लॉकी पाचदा मेला. नेव्ह दर वेळी तो उचलून पुन्हा जागेवर ठेवत होता.

मत देणारी ती सगळी पोरं असणार, विशीतल्या हातांची. मी त्यांचं वय विचारात घेतलं नाही, ही माझी चूक.

गुरुवार, २ मे

शोना चीज रोल घेऊन आली होती. शेजारीण असून ती माझ्या घरात माझ्यापेक्षा जास्त बघते. नेव्ह गमबूट काढताना पायरीवर अडखळला, ते तिने पाहिलं.

"त्याला डॉक्टरकडे ने गं," ती म्हणाली.

"चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्यात त्याने. तुझा नवरा तरी सरळ चालतो का?"

"माझा पितो, म्हणून नाही चालत. नेव्ह पीत नाही."

मी विषय बदलला. शोनाला प्रत्येकाला डॉक्टरकडे न्यायचं असतं. मात्र ती गेल्यावर मी नेव्हचा हात हातात घेऊन नीट पाहिला. अंगठ्यामागचं मांस बसलंय, तिथे खळगा झालाय. आणि दंडावरची कातडी आपोआप थरथरते, माशी बसल्यावर गायीची थरथरते तशी. "दुखतं का?" मी विचारलं. "मुळीच नाही," म्हणाला. ऐकून जीव भांड्यात पडला. दुखत नाही म्हणजे हाताला काही झालेलं नाही, खोट माउसमध्येच आहे.

आता उभा माउस मागवतेय. हस्तांदोलन करतो तसा धरायचा असतो. टाउरंगाच्या एका बाईने, मनगटाची दोन ऑपरेशनं झालेल्या, त्याला तीन तारे दिलेत आणि पानभर लिहिलंय. अशा बाईवर विश्वास ठेवावा.

सोमवार, २० मे

नेव्ह एकटाच डनेडिनला गेला, ट्रॅक्टरचा कुठला तरी भाग आणायला. पाच तासांचा जाऊन-येऊन प्रवास. तो भाग जवळच्या गोअरला मिळाला असता, पण त्याला वाद घालून पटवायचं कुणी. आला तो भाग न घेताच. वर ब्लफ बंदराची महागडी कालवं घेऊन आला, पुठ्ठ्याच्या डब्यात दोन डझन.

"आज काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. खावीशी वाटली."

जेवताना माझ्याकडे बघत बसला होता. तोंडाला काही लागलंय का म्हणून मी दोनदा पुसलं. मग म्हणाला, "हा उभाही जमत नाही, नोल. तिसरा मागव." इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने आपणहून मागितलं. मला इतकं बरं वाटलं की भांडी तशीच ठेवून वाचायला बसले.

रविवार, ९ जून

तिसरा माउस सगळ्यांत चांगला. हलवावा लागत नाही, वर एक गोळा आहे, तो नुसता बोटाने फिरवायचा. कळ फुंकर मारली तरी दाबली जाईल इतकी हलकी.

आणि तरी नाही.

पंधरा मिनिटं मी बघत होते. स्वेटर मांडीवर तसाच. खाली गल्लीत लॉकी ओरडत होता, "बाबा, मागे, मागे बघ," आणि नेव्हचं बोट कळीवर नुसतं पडलं होतं. मी उठले आणि माझा हात त्याच्या हातावर ठेवला. त्याने काढला नाही. हळूच म्हणाला, "डावीकडे. वर. थांब. आता." मी दाबलं आणि पडला तो माणूस.

"असं पाहिजे, म्हातारबा," लॉकी ओरडला.

नऊला खेळ संपल्यावर नेव्ह म्हणाला, "त्याला सांगू नकोस." मी म्हटलं, यात सांगण्यासारखं काय आहे. आम्ही दोघं चोरी करून आलेल्या पोरांसारखे चहा प्यायलो. खरं सांगायचं तर मला मजा आली.

रविवार, २३ जून

माझा नेम सुधारतोय. लॉकी आज एकदाही मेला नाही. गल्लीतून पूर्वीसारखा बेफाम धावतही नाही, जपून जातो, माझ्या टप्प्यात राहतो. खाणीत काम करून शहाणा झाला पोरगा.

शनिवार, १३ जुलै

हे लिहायला दोन दिवस लागले.

गुरुवारी डाव्या हाताचा माउस शोधत होते. वाटलं, उजवा थकला असेल तर डावा वापरून बघू. डावखुऱ्यांसाठी फार कमी मिळतात आणि मतं तर त्याहून कमी, सगळी मिळून अकरा. कडा काढायला काही नव्हतंच, म्हणून सगळीच वाचली. नववं मत होतं टिमारूच्या बी. के.चं. "उजव्या हातासाठी चार घेतले. मग डाव्यासाठी हा. माउसमध्ये काही खोट नाही. एक तारा दिलाय तो एवढ्यासाठी की कुणी तरी थांबून वाचेल. दुखत नव्हतं म्हणून मी गेलो नाही."

मी थांबले. एप्रिलमध्ये हाच माणूस मी टेबलाच्या कडेने खाली टाकला होता. लेंड्यांबरोबर.

नेव्ह मागच्या पडवीत खुर्चीत बसला होता. हिवाळी ऊन होतं. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "हात कधीच दुखला नाही ना?"

"नाही."

"एकदाही नाही?"

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. "डनेडिनला ट्रॅक्टरसाठी गेलो नव्हतो," तो म्हणाला.

मज्जातंतूंचा आजार आहे. स्नायू एकेक करून काम सोडतात, आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. यावर उपाय नाही. डॉक्टर म्हणाले दोन वर्षं, त्याहून कमीही असू शकेल. हे सगळं त्याने मेंढ्यांचा बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

"मे महिन्यात कळलं तुला," मी म्हटलं. "आणि त्याच रात्री मला तिसरा माउस मागवायला लावलास?"

"तू दोन आठवडे खूश होतीस, नोल."

मी त्याच्या अंगावर ओरडले. इतकं ओरडले की शोनाची कुत्री भुंकायला लागली. मग त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. त्याला माझ्या केसांवर हात ठेवायचा होता, पण तो वर येईना. मग मीच उचलून ठेवला.

रविवार, १४ जुलै

सकाळी म्हटलं, लॉकीला कळवू.

"नको."

"तो मुलगा आहे तुझा."

"म्हणूनच. कळलं की तो नोकरी टाकून येईल. आणि इथे येऊन आम्ही काय बोलणार? त्या टेबलाशी समोरासमोर बसून? तुला माहीत आहे आम्ही कसे बसतो ते." थांबून, दम घेऊन तो पुढे म्हणाला, "रविवार आहे माझ्याजवळ. तो घेऊ नकोस."

बरं, नाही सांगत, म्हटलं. संध्याकाळी सातला त्याला हेडफोन घातले आणि हात हातावर ठेवला.

रविवार, ११ ऑगस्ट

नेव्हची जीभ जड झाली आहे. लॉकीला सर्दी सांगितली. मागच्या रविवारीही सर्दीच सांगितली होती.

आज मध्येच नेव्हला ठसका लागला, थांबेना. मी त्याचे हेडफोन काढले, पाठ चोळली, पाणी दिलं. तो खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून बसला. खेळ चालूच होता. लॉकी छपराखाली एकटा उभा राहील म्हणून मी हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. वाटलं, गप्प राहून दोन-चार टिपावेत.

एक टिपला. मग लॉकी म्हणाला, "आई, तू आहेस ना?"

मी आणखी एक टिपला.

"बाबा आधी उजवीकडे बघतो. जन्मभर तसाच बघत आलाय. जूनपासून छपरावरचा माणूस आधी डावीकडे बघतोय. मला वाटलं, तुम्हां दोघांचं गंमत म्हणून चाललंय, म्हणून बोललो नाही. मी हळू चालायला लागलो, तुला नेम धरता यावा म्हणून." त्याचा आवाज खाली आला. "पण ही सर्दी नाहीये. खरं सांग."

सांगितलं. नवऱ्याला शब्द दिला होता, तरी सांगितलं. तो माझ्या शेजारीच बसून ऐकत होता.

मंगळवार, १३ ऑगस्ट

नेव्ह माझ्याशी बोलत नाही. त्याला भरवते तेव्हा तोंड उघडतो, तेवढंच.

बुधवार, ४ सप्टेंबर

लॉकी आला. इन्व्हरकार्गिलच्या विमानतळावर मी घ्यायला गेले होते. उन्हाने काळा पडलाय, दाढी राखली आहे. गाडीत रडला. घराच्या फाटकाशी उतरून थंड पाण्याने तोंड धुतलं आणि आत गेला.

नेव्ह खिडकीशी होता. लॉकी दारात उभा राहिला. मी मागे, त्याची बॅग धरून.

"पाऊस होता का?" लॉकीने विचारलं.

"होता," नेव्ह म्हणाला.

मग लॉकीने माझ्या हातातून बॅग घेतली आणि आपल्या जुन्या खोलीत नेऊन ठेवली.

शनिवार, ७ सप्टेंबर

तीन दिवस झाले. लॉकी दिवसभर मागे लाकडं फोडतो. आमच्या शेगडीला पुढचे तीन हिवाळे पुरतील इतकी फोडून झाली. बापाला उचलून न्हाणीघरात नेतो, पुसतो, कपडे घालतो, सगळं नीट करतो, आणि पूर्ण वेळ दोघं भिंतीकडे बघतात. जेवताना मी बडबडते. शोनाबद्दल, मेंढ्यांबद्दल, हवेबद्दल. माझा आवाज थांबला की चमच्याचा आवाज येतो.

नेव्हचं खरं होतं. तोंड उघडून मी त्याचा रविवार घालवला, आणि त्या बदल्यात त्याच्या हातात काही आलं नाही. मुलगा घरात आहे आणि पूर्वीपेक्षा लांब आहे. आज विणायची लोकर दिसली तरी रडू येतं.

रविवार, ८ सप्टेंबर

सात वाजायला पाच मिनिटं होती. नेव्हने मान वळवून संगणकाकडे पाहिलं. मग लॉकीकडे. मग पुन्हा संगणकाकडे.

लॉकी उठला. मला वाटलं, बापाशेजारी खुर्ची घेईल. तो आपल्या जुन्या खोलीत गेला, बॅगेतून स्वतःचा संगणक काढला आणि आतून दार लावून घेतलं. भिंतीपलीकडे पलंग करकरला.

मी नेव्हला हेडफोन घातले, दोन्ही कान झाकून. त्याचा हात माउसवर ठेवला आणि वर माझा. पडद्यावर बंदर उजळलं. खाली गल्लीत लॉकी येऊन उभा राहिला.

"बाबा, वर आहेस?" ते मला भिंतीतून ऐकू आलं.

"आहे," नेव्ह म्हणाला. त्याचं आता सगळंच 'आए' असं ऐकू येतं, पण लॉकीला कळलं.

आणि ते बोलायला लागले. माझा विश्वास बसेना. लॉकी धावत होता, मी नेव्ह सांगेल तिथे बघत होते, आधी उजवीकडे, आणि मध्ये मध्ये तो भिंतीपलीकडून बोलत होता. खाणीबद्दल. तिकडच्या एका मुलीबद्दल, तिचं नाव मला आजच कळलं. मग बोलता बोलता म्हणाला, "शेड सोडली ना मी, ती तुझ्यावरच्या रागाने नाही. मला कातरणं जमतच नव्हतं. आणि तू रोज बघत होतास जमत नाही ते. मला ते सहन होईना."

"माहीत होतं," नेव्ह म्हणाला.

"काय?"

"माहीत होतं. जाणार ते." एकेक शब्द त्याला जमिनीतून उपटावा लागत होता. "पेट्रोल. मीच भरलं. आदल्या संध्याकाळी."

गल्लीतला लॉकी जागच्या जागी थांबला.

"गाडीची टाकी भरलेली होती," भिंतीपलीकडून आवाज आला. "मला वाटलं आईने भरली."

मी नव्हती भरली. मला तर तो जाणार हेही माहीत नव्हतं. आठ वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात म्हणत आले की तू पोराला एका शब्दानेही अडवलं नाहीस.

"दूर जायला," नेव्ह म्हणाला, "पुरायला हवं ना."

पलंग करकरला. मग भिंतीतून मला माझा मुलगा रडताना ऐकू आला, तोंड उशीत दाबून, लहानपणी कान दुखायचा तेव्हा रडायचा तसा. त्याने त्याच्याकडचा माइक बंद केला असणार, कारण नेव्हने कपाळाला आठ्या घातल्या आणि हेडफोनमध्ये कान देऊन बसला.

"गेला का?" त्याने मला विचारलं. "आवाज नाही येत."

"नेट गेलंय," मी म्हटलं. "येईल थोड्या वेळाने."

"थांबू," नेव्ह म्हणाला. "तो खाली एकटा आहे."

मग आम्ही दोघं छपरावर थांबलो. मी त्याच्या हातावरचा हात काढला नाही, आणि भिंतीकडे बघितलं नाही.